डावीकडचा दात

न्हाई ओ महेंद्रभाऊ, फ्रेम झकास हाय, हारबी छान बसवलाय, मागं ते निळं आभाळ घातलंय तेबी असू द्या – पन हे दात कुनाचे? म्या फोटो दिला माज्या बायकोचा, विजयमालाचा, उद्या वर्षश्राद्ध हाय म्हनून भिंतीला लावायला – आन् तुमी तिच्या तोंडात भलत्याच कुनाचे दात बसवले. व्हय, भलत्याचेच. मला नका सांगू. तीस वर्सं घोडेगावच्या बाजारात बैलांचे दात बघतोय मी. सहादेवनं जबडा उघडला की जनावराचं वय कळलंच, असं म्हनत्यात लोक. हे दात इशीतल्या पोरीचे हायत. माजी बायको चव्वेचाळीसची हुती. तिचे म्होरले दोन एकमेकावर चढलेले, आन् डावीकडचा तर पार आडवा, एष्टीत घुसलेल्या मानसावानी. तुमच्या कॉम्प्युटरात असंल सरळ करायचं बटन, पन मला इचारायचं तरी, भाऊ. तुमी आपलं दाबून मोकळे –

काय? निकितानं सांगितलं? आमच्या निकितानं? तिनं फोन केल्ता तुमाला?

बरं. बसतो जरा. न्हाई, च्या नको.

न्हाई, पोरीची काय चूक – तिच्या आईचीच हौस ती. मी बघायला गेल्तो तवा ही तोंड मिटून बसलेली, नाव इचारलं तर पदराआडनं सांगितलं. दात मला दिसले लग्नानंतर, गोठ्यात वासरानं माजी टोपी चावली तवा. खळखळून हसली, आन् लगीच तोंडावर हात. बाजारातली मंडळी चेष्टा करायची माजी – सहादेवा, जलमभर दुसऱ्याच्या जनावराचे दात बघतो आन् घरचा सौदा न बघताच केला की. मी म्हनायचो, केला, आन् फायद्यात हाय. खोटं न्हवतं ते. मला आवडायचे तिचे दात, खरंच सांगतो. पन तिचा हात काय खाली आला न्हाई. हळदीकुंकू असू द्या, बारसं असू द्या – हसायचं म्हनलं की हात तोंडावर.

मग निकिताचं लगीन ठरलं तवा म्हनली, मला दात सरळ करायचेत. म्हनलं, या वयात? तर म्हनली, मोठ्या मानसांचेबी व्हत्यात, आमच्या अंगनवाडीच्या बाईंनी केलेत. गेलो नगरला तिघं. डॉक्टर तरना पोरगा, स्वभावानं लई गरीब. त्यानं समदं मांडलं आमच्यापुढं – लोखंडी तार लावली तर चाळीस हजार, दाताच्या रंगाची हवी तर साठ, आन् ते काचेवानी आरपार साचे निघालेत, घातलेले कुनाला दिसत न्हाईत, त्याचे दीड लाख. लेकराचं हाड कवळं असतंय, मोठ्याचं पक्कं झालेलं, म्हनून दीड-दोन वर्सं लागत्याल म्हनला. मी म्हनलं, दीड लाखाचे घे, एक गाय इकू. ही म्हनली, दात माजे वाकडे, त्यात गाईनं काय केलंय? तारच लावा. मग म्या काय केलं, खांद्यावरचा टॉवेल काढून त्या डॉक्टरच्या हातावर टाकला आन् खालनं त्याची बोटं दाबली. आमच्यात भाव तोंडानं बोलत न्हाईत ना, टॉवेलाखाली बोटं धरूनच ठरतो सौदा. त्या बिचाऱ्याला काय कळंना, मला म्हनतो, काका, तुमाला चक्कर येती का? आन् ही जी हसली – डोळ्यातनं पानी येस्तवर हसली, हात न्यायचाच इसरली. निकितानं तेवढ्यात मोबाईल उचलला. त्योच ह्यो फोटो, भाऊ. असा एवढा एकच हाय. बाकी समद्यात हात, न्हाईतर मिटलेलं तोंड.

पस्तीसला जुळलं. तार लागली. दर म्हयन्याला ही एष्टीनं जायची, तार आवळून यायची, मग भाकरी दुधात कुस्करून खायची. डॉक्टरनं सांगितलंच हुतं, आवळली की दोन-चार दिवस दुखंल. हिचं मातर थांबंनाच. डोकं धरून बसायची. म्हनलं, चल दाखवू, तर म्हनायची, पस्तीस हजाराचं दुखनं हाय, फुकटचं न्हाई, सोसाय नको? आमी हसायचो. निकिताच्या लग्नात तोंड मिटूनच उभी राह्यली फोटोला. म्हनली, तार निघू द्या, मग एक हसून काढू, मोठा, भिंतीला लावायला.

ते दुखनं तारेचं न्हवतंच. डोक्यात गाठ हुती. एक दिवस गॅसपुढं कोसळली. नगरच्या दवाखान्यात म्हनले, डोक्याचा मशीनमधला फोटो काढायचाय, तोंडात लोखंड नको. तो दाताचा डॉक्टर सोताहून आला, खाटेवर वाकून तार सोडवली, ती अडकवलेला एकेक खडा काढला दातावरचा, आन् डोळे पुसत गेला. निकिता औषधं आनाय खाली गेल्ती. मी एकटाच हुतो तिच्यापाशी. तवा शुद्धीत हुती ती. म्हनली, अवो, कसे दिसत्यात? आन् हसली. एका हाताला सलाईन हुतं, पन दुसरा मोकळा हुता. न्हेला न्हाई तिनं तोंडाकडं. तसाच अंगावर ठिवला.

मी काय बोललो? काय न्हाई. नुसती मान हालवली. लई चांगले दिसत्यात, एवढं म्हनायला काय जातं मानसाचं? आपरेशनला न्हेली ती परत बोललीच न्हाई.

हे म्या कुनाला सांगितलं न्हाई, निकितालाबी न्हाई. तिला वाटत असंल, आईनं एवढं सोसलं आन् तिचे सरळ दात कुनी बघितलेच न्हाईत, म्हनून सांगितलं तिनं तुमाला. बघितलेत. मी बघितलेत ना.

घ्या तो माऊस हातात. पयले नका लावू, ते तिला नको हुते. पन हेबी नकोत. म्होरले दोन राहू द्या सरळ, झाले हुते ते. एवढे पांढरे न्हवते – जरा पिवळट करा, च्या लई प्यायची. हां. आन् डावीकडचा, सुळ्याशेजारचा – तो पुरा आला न्हवता, त्याचं काम राह्यलं हुतं. कड थोडी आत घ्या. आजून. लई झालं, परत जरा बाहीर. हां. आता वरचा ओठ –

थांबा.

नका हात लावू आता.

गिऱ्हाईक आलंय बघा दारात तुमचं. जा तुमी तिकडं. मी बसतो हितं.