काकूंच्या गाडीची टिकटिक

मी मूळचा लोणारकडचा, बुलढाणा जिल्हा, एसटीनं निघालं तं नागपुरात यायले अख्खा दिवस जाते. गावात शाळा आठवीपर्यंतच होती, पुढं शिकाचं तं तालुक्याले जा, अन् घरी खानारे जास्त, कमावनारा एक, तं मामा म्हने चाल माह्यासंग, गाड्यायचं वायरिंग शिक. म्हनून आलो. ज्या दुकानात शिकलो ते बंद झालं, अन् आता प्रताप नगरात मालतीकाकूंच्या कंपाउंडच्या भिंतीले लागून माही टपरी हाय. काय सांगू तुम्हाले, भिंत काकूंची, लाइट काकूंची, दुपारचा चहा बी काकूंचा. भाड्याचं विचारलं तं म्हणाल्या, गेटपाशी कोणी बसलेलं असलं की मला बरं वाटतं, तेच भाडं. मायले फोनवर सांगतो, इथं बी आपलं एक घर हाय, तू काळजी नको करू. पन मी सोताच लय काळजीचा मानूस, वायर जोडली तरी दोनदा ओढून पाहतो.

एलईडीचं काम आजकाल रोजचंच. लोक मोबाइलवर बल्ब मागवते, सोताच लावते, अन् मंग माह्याकडं येते, भाऊ इंडिकेटर पागल झाला, फटफट करून राहिला. त्यात बिघाड काहीच नसते. जुना बल्ब करंट जास्त खाते, एलईडी खाते जरासा, तं गाडीतला फ्लॅशर, म्हंजे जे डबडं इंडिकेटर चालूबंद करते ते, त्याले वाटते एखादा बल्ब उडाला, म्हनून घाई करते. इलाज दोन हायेत. एक तं फ्लॅशरच एलईडीवाला टाका. नाही तं बल्बच्या जोडीले रेझिस्टर लावा, उरलेलं करंट ते खाते, गरम होते, अन् जुना फ्लॅशर पहिल्यासारखा चालते.

तं काकूंचा मुलगा पुन्याहून आला अन् आईच्या जुन्या चारचाकी गाडीसाठी एलईडीचा पूर्ण सेट घेऊन आला. काकू रिटायर मास्तरीन, सत्तरीच्या, पन भाजी, बँक, हुडकेश्वरले बहिनीकडं, सगळं सोताच्या गाडीनं. मी बल्ब लावले, फटफट सुरू झालं, म्हनून एलईडीवाला फ्लॅशर टाकला. म्हनलं काकू, याचा आवाज नाही येनार बरं. म्हणाल्या, बरंच झालं, डोकं खायची ती टिकटिक. दोघं बी हासलो.

मंग एक दिवस बहिनीच्या घरापुढं काकूंनी उजवा इंडिकेटर चालूच ठेवून डावीकडं गाडी उभी केली. मागून एक पोरगी स्कूटीवर येऊन राहिली होती, थोडक्यात वाचली. बहिनीनं ते पुन्याले कळवलं. मुलाचा फोन आला, आई तू विसरायला लागलीस, गाडी विक, घराला कुलूप लाव अन् इकडं ये. काकू टपरीवर आल्या, स्टुलावर बसल्या अन् म्हणाल्या, संतोष, मी खरंच विसरते का रे?

नाही म्हनावं तं कोनाच्या भरोशावर? अन् मनात पहिले काय आलं सांगू, घराले कुलूप म्हंजे माही टपरी उठली. त्याचीच लाज वाटली. म्हनलं काकू, चला, एक चक्कर मारू.

मी बाजूले बसलो. चौकात वळल्या, गाडी सरळ झाली, इंडिकेटर चालूच. वळन झालं की इंडिकेटरची दांडी आपोआप परत येते, पन काकूंच्या गाडीतला तो खटका कधीचाच तुटला हाय, अन् पार्ट कुठं भेटत नाही. म्हनलं काकू, मंग इतके वर्सं बंद कशा करत होत्या? त्यायनं विचार केला. म्हणाल्या, टिकटिक ऐकू आली की हात जायचा आपोआप.

मंग मले समजलं. त्याच दिवशी जुना फ्लॅशर परत टाकला अन् चारी बाजूले रेझिस्टर लावले, बॉडीच्या लोखंडावर कसून, काहून का प्लास्टिकजवळ राहिलं तं ते वितळवते. इंडिकेटर चालू ठेवून घडीघडी हात लावून पाहून राहिलो. काकू म्हणाल्या, काय रे, ताप आलाय का गाडीला, पट्टी ठेवू?

मुलाले फोनवर हे सगळं सांगितलं, तं तो म्हने, तू तिचीच बाजू घेणार, तुझी टपरी आहे तिथे. लागलं मले. पन खोटं काहून बोलू? म्हनलं दादा, माहा मतलब हाय यात, म्हनूनच मले नका विचारू, सोता येऊन बाजूले बसा.

आला. रविवारी हुडकेश्वरले निघालो, काकू चालवून राहिल्या, तो बाजूले, मी मागं. टिकटिक वाजे अन् दर वळनानंतर काकूंचा हात दांडीवर जाये. एकदा बी चुकल्या नाही. मुलाचा चेहरा मोकळा झाला. अन् मंग काकू बहिनीच्या घराच्या गल्लीसमोरून सरळ पुढं निघून गेल्या. त्या गल्लीत त्या इतके वर्सं येऊन राहिल्या. पुढच्या चौकात सोताच म्हणाल्या, अगं बाई, गेलंच की मागं. मुलानं आरशात माह्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं.

जातानी तो टपरीवर आला. म्हने, गाडी राहू दे, घर पण राहू दे, फक्त लांब एकटी नको, तू सोबत जाशील का? म्हनलं दादा, हे काय विचारनं झालं.

आता काकू हुडकेश्वरले निघाल्या की मी टपरी बंद करून बाजूले बसतो. त्या गल्लीच्या आधी मी तोंड उघडत नाही, खिडकीबाहेर पाहतो. मंग त्यांचा हात सोताहून दांडीवर जाते, टिकटिक सुरू होते, अन् मी श्वास सोडतो. आजपर्यंत तं हात दर वेळी गेला. पुढचं देवाच्या हाती, पन हे काही दिवस त्यानं आम्हाले देले, त्याचे उपकार हायेत.