मास्तरांचा मिटता चाकू

नौपाड्याच्या कोपऱ्यावर धारवाल्या महिपतपुढे रांग लागली होती. गोपीनाथ कात्री घेऊन उभा होता आणि नंबर येईपर्यंत कान देण्यापलीकडे त्याला उद्योग नव्हता. त्याच्या पुढे पेन्शनीत निघालेले एक मास्तर, हातात मिटता चाकू घेऊन.

“मास्तर, कालच तर लावली धार!”

“बोथट वाटतोय रे.”

“कापलंत तरी काय?”

“एक पेरू. अर्धा खाल्ला, अर्धा सवयीनं समोर ठेवला. बरं का महिपत, रोमन लोकांकडेसुद्धा असा चाकू असायचा. त्यातच चमचा, काटा, दात कोरायची सळईसुद्धा. सगळं मिटून एका मुठीत!”

“म्हणजे अख्खं स्वयंपाकघर खिशात? मग घरची माणसं कुठं गेली म्हणायची?”

“ते पुस्तकात दिलेलं नाही.”

“अहो मास्तर,” मागून एक बाई म्हणाल्या, “रोमन जेवले केव्हाच. आमच्या चुली पेटायच्यात अजून.”

“मास्तर, खरं सांगू? पातं बघा, काडीएवढं उरलंय. रोज घासतोय मी. आणखी चार वेळा चाकावर धरलं, तर नुसती मूठ घेऊन घरी जाल.”

“म्हणजे येऊ नको म्हणतोस?”

गोपीनाथनं कात्री उगाच उघडली, मिटली.

“घरी विळी असेल ना?” महिपतनं विचारलं.

“आहे. ही गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलेलं नाही.”

“मग उद्या ती आणा. विळीला लोखंड भरपूर असतं, मास्तर. पुष्कळ दिवस पुरेल.”