एलायजाच्या सासऱ्याची गाय

तोताराम : मंग पुढं काय झालं? मोतीबिंदूसाठी एक डोया बांधलाय माझा, कान नाही बांधले. सांग.

भाविका : पुढचंच तर सापडत नाहीये, आबा! तीन आठवडे डोकं फोडतेय. आज पाचला फाईल बंद होणार. नाही सापडलं तर 'माहेर अज्ञात' असं लिहून मोकळी.

तोताराम : कोनाचं माहेर?

भाविका : सकाळपासून काय रामायण सांगतेय मी? अमेरिकेतल्या एक बाई आहेत, शहाऐंशी वर्षांच्या. त्यांचा सहा पिढ्यांआधीचा पूर्वज, एलायजा प्रूइट. घोड्यांवर सामान लादून डोंगर ओलांडला आणि जंगलात घर बांधलं. त्यांची वंशावळ शोधायचं काम आमच्या कंपनीकडे आलंय.

तोताराम : आन ते तू जयगावात बसून करते?

भाविका : जुने कागद तिकडे स्कॅन करून ठेवलेत ना. जळगावातही लॅपटॉपवर दिसतात.

तोताराम : जमीन किती होती त्याले?

भाविका : चारशे एकर.

तोताराम : माय वो! केयी लावली असती त पैसाच पैसा.

भाविका : तिकडे बर्फ पडतो, आबा, केळी कुठली! मका लावला त्याने. तिथला पहिला रहिवासी तो.

तोताराम : त्याच्या आधी तिथी कोनीच नव्हतं?

भाविका : होते ना. तिथले आदिवासी.

तोताराम : मंग हा पह्यला कसा?

भाविका : ...फाईलवर तसं लिहिलंय.

तोताराम : फाईलवर लिव्हायले काय जातं! बरं, त्याच्या बायकोचं सांग.

भाविका : दोन बायका. पहिली रिबेका, सॅम्युअल कीनची मुलगी. १७८९ मध्ये बाळंतपणात गेली. दोन वर्षांनी दुसरी केली, हॅना. तिचं नाव एका जमिनीच्या कागदावर सापडलं, पण ती कोणाची कोण, पत्ता नाही. थडग्यावर नुसतं 'एलायजाची बायको' एवढंच आहे. या बाई हॅनाच्या वंशातल्या. त्यांना तिथे नवा दगड बसवायचाय, तिच्या माहेरच्या नावासकट. 'मी मरायच्या आत तिला तिचं माहेर मिळू दे,' असं लिहिलंय त्यांनी. चार जिल्ह्यांतल्या सगळ्या हॅना धुंडाळल्या मी.

तोताराम : आन त्या पह्यल्या सासऱ्याचं काय झालं?

भाविका : कीनचं? तो १७९७ ला गेला. मृत्युपत्रात एलायजालाही काहीतरी ठेवलंय त्याने. थांबा... 'माझा जावई एलायजा यास तांबडी दुभती गाय.' रिबेकाच्या मुलांवरची माया, दुसरं काय.

तोताराम : नातवायले द्यायची असती त नातवायचं नाव घातलं असतं. लेक मरून आठ वर्षं झाले, जावयानं दुसरं लगीन केलं. अशा जावयाले कोनी दुभती गाय देतं का? भाकडबी देनार नाही!

भाविका : मग?

तोताराम : मंग काय? बायको बदलली, सासरा नाही बदलला. लहान लेकरं पाहून पाठची बहीन दिली असंल. त्या कीनच्या बाकीच्या लेकी पाह्य.

भाविका : कीनचे कागद मी रिबेका सापडल्यावर परत उघडलेच नाहीत... चर्चची जन्माची वही कुठे गेली... हां. रिबेका, जॉन, मार्था... आबा! हॅना! १७७१! हॅना कीन, आबा! लग्नात वीस वर्षांची होती!

तोताराम : हयू ओरड. डॉक्टरनं दचकू नका म्हनलंय मले.

भाविका : तीन आठवडे, आबा! आणि तुम्ही दहा मिनिटांत कसं ओळखलं?

तोताराम : मलेबी दोनदा एकच सासरा भेटला.

भाविका : म्हणजे?

तोताराम : तुझा बाप आठ महिन्यांचा होता. त्याची माय तापानं गेली. मंग सासऱ्यानंच धाकटी दिली. तुझी आजी.

भाविका : म्हणजे आजी पप्पांची आई नाही?

तोताराम : आई तीच. जल्म दिला तिच्या बहिनीनं.

भाविका : पप्पांना माहीत आहे?

तोताराम : हाये. पन इषय निघाला का तुझी आजी उठून आत जायाची. मंग कोनी काढलाच नाही.

भाविका : नाव काय होतं तिचं?

तोताराम : ललितची माय.

भाविका : आबा, ते नाव नाही झालं. पप्पा म्हणजे ललित. त्यांच्या आईचं नाव विचारतेय मी.

तोताराम : आमच्या टायमाले बायकोचं नाव घेत नव्हते कोनी. मी तिले 'अवो' म्हनायचो. ती मले तेबी म्हनायची नाही.

भाविका : मी अमेरिकेतल्या बाईची सहा पिढ्यांआधीची आजी शोधून देतेय, आणि माझ्याच आजीच्या जागी 'अज्ञात' लिहू? गावी, पहूरला, आता कोणाला आठवणार? तुम्ही आणि आजी. मग संपलं.

तोताराम : पन्नास वर्षं झाले, पोरी. जीभच वयत नाही.

भाविका : एलायजाचीही वळली नसेल. बघा काय झालं त्या हॅनाचं.

तोताराम : ...भागा. भागाबाई.

(स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबतो. भाविकाची आजी, धुरपदाबाई, डोळ्यांत घालायचं औषध घेऊन बाहेर येते.)

धुरपदाबाई : कोनाचं नाव घेतलं?

तोताराम : तुझ्या बहिनीचं. पोरीले लिव्हायचं व्हतं.

धुरपदाबाई : वर पाहा. औषधाचा टाइम झाला. हलू नका... आता पुसता काहून? थेंब वाया जातो सारा.

तोताराम : थेंब अजून टाकलाच नाही तू.

धुरपदाबाई : ...लिव्हलं का, पोरी?

भाविका : लिहिलं, आजी. भागाबाई. आणि तुझं नाव तिच्या खाली.

धुरपदाबाई : खाली काहून? शेजारी लिव्ह.

भाविका : या प्रोग्रॅममध्ये दुसरी बायको खालीच येते गं.

धुरपदाबाई : मंग त्याले सांग, आमी दोघी एका गोधडीत झोपायचो.