मोटेवरची इंग्रजी

तुम्ही हसाल, पण मी एकदा आगगाडी थांबवली आहे.

सासूबाई अकोल्याला आजारी होत्या. आम्ही नवराबायको पहिल्यांदाच गाडीत बसणार होतो. गावचे मास्तर म्हणाले, "गार्ड गोरा हाय. परवासापुरते चार शब्द घोकून ठेव. कम, गो, वेट, स्टॉप."

चार दिवस मोट हाकताना मी ते शब्द बैलांवरच घोकले. 'स्टॉप' म्हटलं तरी बैल चालतच राहायचे. वांग्यांना पाणी देता देता बायको हसायची.

"बैल आयकून नाही राह्यले, तं गोरा साहेब काय आयकीन तुमचं?"

वाशीमच्या फलाटावर ती तांब्या भरायला उतरली, तेवढ्यात शिट्टी झाली आणि गाडी हलली. ती तांब्या घेऊन धावू लागली. आईला भेटायचं तिचं राहून जाणार, एवढंच माझ्या मनात आलं. दारात लटकून मी मोटेवरच्या आवाजात ओरडलो, "स्टॉप!"

मागच्या डब्यातल्या गार्डाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्याने लाल निशाण काढलं आणि एवढी थोरली गाडी माझ्या एका शब्दावर उभी राहिली.

"कम," म्हणत मी हात दिला. ती वर चढली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून हळूच म्हणाली, "आता जा म्हना तिले."

मीही हळूच म्हणालो, "गो."

आणि गाडी निघाली.