विंगेतली जळजळ

...नाही, मी काय म्हणतो, एकदा गिळलं ना, मग ते खाली जायचं, खाली राहायचं आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही! एवढी साधी शिस्त! नळाच्या पाण्याला कळते, उतार दिसला की चाललं खाली मुकाट्यानं... माझ्या पोटाला कळत नाही! मी कॉफी खाली पाठवतो, ती वर येते. नुसती येत नाही, आंबट होऊन येते, येताना आग घेऊन येते, छातीच्या मधोमध ठाण मांडते आणि घशाचं दार ठोठावते, उघडा म्हणून! तुम्हाला सांगतो, गिळलं ते गिळलं, वर कशाला येतं?

हसा. हसा तुम्ही! ते तिसऱ्या रांगेतले, हो हो, तुम्हीच, पट्टा आवळून बसलेले... आत्ता तोंडावर हात धरून जे काही केलंत ना, ते मी पाहिलंय. माझंही असंच सुरू झालं होतं. हात धरून. मोठ्या सभ्यपणानं.

आता माझा धंदा तुम्हाला माहीत नसणार, कारण मी कुणाला माहीत होऊ नये हाच माझा धंदा. मी प्रॉम्प्टर! नाटक चालू असताना विंगेत, पडद्याच्या आडोशाला, बुटक्या स्टुलावर, मांडीवर संहिता घेऊन, पोटाची घडी घालून जो माणूस बसलेला असतो, तो मी. नट वाक्य विसरला की मी हळूच सांगायचं आणि टाळ्या त्यानं घ्यायच्या. ठीक आहे, हेही गिळलं. पण आमच्या हिरोला वाक्य सांगितलेलं चालत नाही! (नाकातून) "मास्तर, मला प्रॉम्प्टिंग लागत नाही." अरे, पन्नाशी उलटल्यावर पंचविशीतला प्रियकर करतोस, केस रंगवलेले, पोट आत ओढलेलं, पाठांतराच्या नावानं शंख, आणि तुला प्रॉम्प्टिंग लागत नाही? मग तोडगा काय काढला... तर खाकरायचं! याची गाडी भाषणात रुतली की मी विंगेतून एकदा खाकरायचं, आणि यानं ते भाषण तिथंच टाकून थेट पुढच्या प्रसंगावर उडी मारायची. लोकांना वाटावं, प्रेक्षकांतलं कुणीतरी खाकरलं. सगळ्या कंपनीला हे पाठ! संवाद पाठ नाहीत, हे पाठ! मास्तर खाकरले, पुढं चला.

आता मला सांगा, अशा माणसाला आजार कुठला यावा? गुडघे दुखावेत! टक्कल पडावं! ते आधीच पडलंय म्हणा... पण नाही. आजार आला तो घसा खवखवण्याचा!

आणि गंमत बघा, तो पोटाचा आहे हे कळायलाच किती दिवस गेले! सकाळी उठलो की आवाज घोगरा. घशात काहीतरी अडकल्यासारखं, गिळलं तरी जात नाही. मला वाटलं, पडद्यांची धूळ. म्हणून मी दिवसभर पेपरमिंटच्या गोळ्या चघळायला लागलो. गोळी चघळायची, बरं वाटायचं, जरा वेळानं दुप्पट खवखव! की आणखी गोळी! आणि मग एक दिवस भर फुटपाथवर बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो, आणि छातीत असा जाळ उठला, असा उठला, की मी तिथंच बसलो. मेहुणा बरोबर होता. तो माझ्याकडं बघून ओरडला, "भावोजी गेले!" अरे, बसलोय! गेलो कुठं? पण नेलं त्यानं. इस्पितळात हृदयाची पट्टी काढली, ईसीजी. तपासणारा म्हणाला, "छातीत दुखलं तर आधी इथंच यायचं, चांगलं केलंत. पण हृदय ठणठणीत आहे." तुम्हाला सांगतो, मेहुण्याचा चेहरा पडला! फोन करून त्यानं निम्मे नातेवाईक बोलावून ठेवले होते. आता ते घरी आलेले, त्यांना चहा द्यायला लागला. माझ्या जिवंत असण्याचा चहा! तोही मी प्यायलो. तोही वर आला.

मग सुरू झाले सल्ले. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे! रंगभूषाकार म्हणतो, "थंड दूध घ्या." सासूबाई म्हणतात, "जावईबापू, उपास करा." नायिका म्हणते, "मास्तर, तुम्ही फार मनाला लावून घेता." बाई, मी मनाला नाही लावून घेत, आतून लागतंय मला! आणि मेहुणा? "भावोजी, सोडा मारा. एक ढेकर, विषय खलास!" मारला सोडा. ढेकर आला. ढेकराबरोबर अख्खं जेवण बघायला आलं, बाहेर काय चाललंय म्हणून! ज्याचं जळतं त्यालाच कळतं हो... बाकीचे शेक घ्यायला येतात. गिळलं ते गिळलं, वर कशाला येतं?

आणि मग तो प्रयोग. थिएटरचे मालक स्वतः पहिल्या रांगेत. त्यांना नाटक आवडलं तर अख्खा हंगाम आमचा, नाही आवडलं तर सगळे घरी. दुपारचा प्रयोग आणि संध्याकाळचा प्रयोग यांच्या मधे नायिकेचा वाढदिवस! मी काय खाल्लं? विचारू नका. तळलेल्या बटाट्यांची ताटली, चॉकलेटचा केक, त्यावर कॉफी, कॉफीवर कॉफी, घशासाठी पेपरमिंट, आणि हे सगळं आत कोंबून, पट्टा आवळून, स्टुलावर पोटाची घडी!

पहिला अंक पार पडला. दुसऱ्यात हिरो गुडघ्यावर बसला. नायिकेचा हात हातात घेतला. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा त्या गाढवाला भाषण येत होतं! धडाधड येत होतं! आणि इकडं माझ्या छातीतून ते निघालं... चढतंय... चढतंय... मी ओठ दाबले. श्वास धरला. डोळ्यांतून पाणी. गिळलं! परत आलं! परत गिळलं! आणि मग... (खाकरतो)

हिरो थांबला. माझ्याकडं बघितलं. मी हातानं "नाही, नाही!" म्हणतोय, त्याला वाटलं, मी "लवकर, लवकर!" म्हणतोय. झालं! गुडघ्यावरून उठला, हात झिडकारला आणि गरजला, "आता रडून काय उपयोग? आपला संसार संपला!" अरे, तिनं अजून होकार दिला नव्हता! ती बिचारी आ वासून उभी. ते बघून माझ्या पोटात गोळा आला, आणि गोळ्याबरोबर पुन्हा ते... (खाकरतो) की हिरोनं कपाळाला हात लावला, "बाबा! बाबा गेले!"

बाबा कुठं होते? बाबा रंगपटात पाय वर करून घोरत होते! बाबांना तिसऱ्या अंकाच्या शेवटी मरायचं असतं. मंडळी धावली, "अण्णा, उठा, तुम्ही वारलात!" अण्णा चष्मा शोधतायत, "अरे, पण मला अजून झटका यायचाय!" "तो उडवला, चला!" तसेच उचलून आणले, चादर घातली. पण जुना नट तो! झटका हा त्याचा सगळ्यात गाजलेला प्रसंग, तो कसा सोडेल? हिरो रडतोय, नायिका रडतेय, ती खरीच रडत होती, आणि चादरीतून अण्णा उठून बसले, छाती धरली, तोंड वाकडं केलं, रीतसर झटका घेतला, आणि पुन्हा मेले! थिएटर नुसतं कोसळलं हो! पडदा पडला तेव्हा कँटीनवाला मध्यंतराची कॉफी उकळत होता. मालक तडक उठून गेले.

मग दिग्दर्शक आला. नाटक त्यानंच लिहिलेलं, एक शब्द काढू देत नाही. (दात-ओठ खात) "मास्तर! माझं नाटक घशात घातलंत! हा घसा बरा करा, नाहीतर स्टुलावर माझा साडू बसेल! आणि आजपासून खाकरणं बंद! एकदम बंद!"

साडू! दिवसभर सिगारेटी फुंकत रंगपटात लोळणारा तो साडू! त्याला वाचतानाही बोट ठेवावं लागतं! आणि मला त्या स्टुलाशिवाय दुसरं काय येतं हो? अंधारात बसून दुसऱ्याचं वाक्य स्वतःच्या ओठांवर धरून ठेवायचं, आणि त्यानं ते बरोबर म्हटलं की सोडून द्यायचं... त्यात मला जे सुख वाटतं ना, ते मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा घाबरलो. जळजळीला नाही, त्या साडूला.

गेलो डॉक्टरीणबाईंकडं. माझ्या मुलीच्या वयाची! "बसा काका." काका! बसलो. "काका, जेवल्यावर किती वेळानं आडवे होता?" म्हटलं, ताट उचलायला बायको वाकते, तोवर मी झोपलेला असतो. "घास अडकतो का? उलटीत रक्त? शौचाला काळं? वजन उतरतंय?" म्हटलं, वजनाचं तुम्हीच बघा की, समोरच बसलंय! ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "यातलं काही झालं तर लगेच यायचं, दुर्बिणीनं बघावं लागेल. सध्या तरी ऍसिड रिफ्लक्स आहे. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथली झडप ढिली झालीय, म्हणून ऍसिड वर येतं, पार घशापर्यंत. खाकरणं त्याचंच." मी म्हटलं, घशासाठी पेपरमिंट घेतो ना मी! तर म्हणते, "त्यानं ती झडप आणखी ढिली पडते, काका." म्हणजे इतके दिवस मी चोरासाठी कडी काढून ठेवत होतो, आणि वर त्याला गोळी देत होतो!

मग नियम. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जळायला लागलं की घेईन, हे चालणार नाही. थोडं थोडं खा. तळलेलं सोडा, कॉफी कमी करा, चॉकलेट सोडा. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पट्टा सैल. पोट कमी करा. डाव्या कुशीवर झोपा. आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा, नुसत्या उशा रचू नका, उशांनी पोटाची घडीच पडते. बायकोनं दुसऱ्याच दिवशी डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या. झोपताना आम्ही वर, सकाळी दोघंही पायथ्याशी! बायको म्हणते, "अहो, लग्नानंतर पहिल्यांदाच आपण दोघं एका दिशेनं चाललोय." पण चिडली नाही ती. संध्याकाळी सहाला माझ्याबरोबर जेवायची, भूक नसताना. आणि स्टुलाच्या जागी मी उंच खुर्ची घेतली, संहिता स्टँडवर, पाठ ताठ.

आणि तुम्हाला सांगतो, थांबलं! काही आठवड्यांत थांबलं! छाती गार, घसा साफ. गिळलं ते गिळलं! वर येईना!

म्हटलं, सुटलो. मालकांनी हंगाम दिलेला, कशावर भाळून ते देव जाणे, थिएटर भरलेलं, मी ताठ, मुका, निरोगी. नाटक संहितेबरहुकूम, शब्दन् शब्द. हिरो रुतला की रुतलेलाच राहायचा, खाकरायला बंदी ना! पहिल्या प्रयोगाला मध्यंतरात निम्मे लोक गेले. दुसऱ्याला मध्यंतराआधीच गेले. अण्णा आपल्या जागी, आपल्या वेळी, नियमानं मेले, कुणी बघायला नाही! मालक तरातरा आत आले. "हे काय लावलंय? मला ते आधीचं पाहिजे! ते चटपटीत! म्हातारा मरून उठतो ते! त्याच्यासाठी हंगाम दिला मी!"

सगळे माझ्याकडं वळले. दिग्दर्शकाचा आवाज लोण्यासारखा... "मास्तर, खाकरा की जरा."

आता बघा! ज्या घशावरून माझी भाकरी जाणार होती, त्याच घशावर कंपनीची भाकरी! हिरो स्वतः तळलेले बटाटे घेऊन आला. नायिका कॉफी घेऊन. रंगभूषाकारानं पेपरमिंटचा डबाच ठेवला. म्हटलं, चला! हे खाणार नाही. इतक्या दिवसांनी मी वाकून बुटाची नाडी बांधतोय, माझी झडप मी तुमच्या नाटकासाठी गहाण टाकणार नाही! नुसतं खाकरायचंच आहे ना? खाकरतो. नट नसलो तरी अर्धं आयुष्य विंगेत गेलंय माझं.

खाकरलो. (बारीक, कोरडं खाकरतो) हिरो जागचा हलला नाही. म्हणतो, "पहिल्यासारखा जोर नाही." पुन्हा खाकरलो. दिग्दर्शक डोळे मिटून ऐकतो, मान हलवतो. "नाही मास्तर. वरवरचं वाटतंय. जरा आतून येऊ द्या."

आतून येऊ द्या! अहो, मी विटांवर झोपलो, सहाला जेवलो, केकवर पाणी सोडलं, ते कशासाठी? आतून येऊ नये म्हणून! आणि समोर बघतो तर साडू. माझ्या उंच खुर्चीला टेकून उभा, हातात माझेच तळलेले बटाटे, आणि नुसता खोकतोय... भरघोस, ओला, आतून! दिग्दर्शकाचे डोळे पाणावलेले!

जे काही तोंडाशी आलं होतं, ते सगळं मी गिळलं. आणि थांबलो... म्हटलं, आता तरी... एकदाच...

मेलं, वर आलंच नाही हो!