मोटार बंद, मालक हसतमुख

...नाही, मी म्हणतो, एवढीशी पेटी, तिच्या बोलण्यावरून एवढा तमाशा? तुम्हाला सांगतो, माझी भाची पुनम लातूरच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून लागली, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम जमलं तर कायम, नाही तर घरी. कारखाना संगप्पाशेठचा. माल म्हणजे बोअरच्या मोटारीची स्टार्टर पेटी, तिला तळहाताएवढा पडदा, मोटार का बंद पडली ते सांगणारा. पण आधी तीन इंजिनियर येऊन गेलेले, तिघांच्या तीन तऱ्हा! विजेच्या तीन फेजांपैकी एक गेला तर एक पेटी म्हणायची ‘फेज नाही’, दुसरी ‘लाईट अर्धी’, तिसरी नुसतंच ‘चूक सात’... सात? बाकीच्या सहा कुठं गेल्या? शेठ म्हणाले, "पोरी, समद्या पेट्या एका भाषेत बोलल्या पाहिजेत. पण आतली साठवणीची चिप हीच. जागा न्हाई!"

पुनम माझ्याकडे आली. मी तीस वर्षं कचेरीत मसुदे केलेला माणूस, लगेच लिहिलं, ‘विजेचा एक फेज उपलब्ध नसल्याने मोटार बंद करण्यात येत आहे.’ ती कपाळाला हात लावून म्हणते, "मामा, मराठी अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा खातंय, त्यात तुमची जोडाक्षरं! जागा न्हाई!" मी ‘येत आहे’ कापलं. ‘उपलब्ध’ कापलं. काळजाचा तुकडा काढल्यागत वाटलं हो! शेवटी पोरीनंच डोकं लावलं. फेज, पाणी, मोटार, नाही, कमी, गरम... असे बारा शब्द एकदाच साठवायचे आणि पेटीनं लागतील तसे जोडायचे. ‘फेज नाही.’ ‘पाणी कमी.’ ‘मोटार गरम.’ सगळे बिघाड बारा शब्दांत! आणि वर थोडी जागा उरली.

उरली, हीच चूक! आमच्याकडं मोकळ्या भिंतीवर चार दिवसांत कुणाच्या तरी शुभेच्छांचा फलक लागतो, तिथं मोकळी चिप कोण सोडतंय? शेठ म्हणाले, "माझा फोटो बसव. हसतानाचा." पुनम म्हणाली, "शेठ, मग शब्दांना जागा न्हाई." "शब्द कमी कर की! ‘बिघाड’ म्हनलं की समदं आलं." कायम व्हायला महिनाच राहिलेला... काय करते बिचारी? बारा शब्द पुसले, एक ‘बिघाड’ ठेवला.

पहिली पेटी गेली औशाकडं, केवळाबाईंच्या बोअरवर. पंधराव्या दिवशी बाई जळकी मोटार आणि पेटी टेम्पोत घालून कारखान्याच्या दारात! "वर बिघाड लिवलंय अन् खाली ह्यो बाबा हसायलाय! म्या म्हनलं, हसायलाय म्हंजी किरकोळ असंल. धा येळा बटन दाबलं!" फेज गेला होता हो, फेज! अशात बटण दाबत राहिलं की मोटार जळणारच. पुनमला वाटलं, आता नोकरी गेलीच. शेठनी पेटी लाईटला जोडून पडद्यातल्या स्वतःकडं पाहिलं. "बाईचं खरं हाय," म्हणाले, "हसायला नको होतं. बिघाडाला गंभीर फोटो टाक. आन् तेवढा ‘बिघाड’ शब्द काढ, जागा न्हाई!" मोटारीचं? ती आली तशी टेम्पोतून परत गेली.

पुनम कायम झाली, तुम्हाला सांगतो. सध्या शेठचा तिसरा फोटो बारीक करतेय... हात जोडलेला. मोटार पुरती जळाल्यावर दाखवायला.