आकाशपाळण्यात मी गप्प

...अहो, कसलं थीम पार्क घेऊन बसलात! तुम्हाला सांगतो, सिमेंटचा डोंगर, त्याला हिरवा रंग, वरून नळाचं पाणी सोडलंय आणि खाली पाटी, 'धबधबा'. आणि हे पाहायला माणसं शहर सोडून दीड तास प्रवास करून त्या उपनगरात जातात, घामाघूम होऊन रांगा लावतात आणि त्या नळासमोर उभं राहून फोटो काढतात. माझी एकतीस वर्षं गेली लिफ्ट दुरुस्त करण्यात, मला आतला पंप ऐकू येत होता. सांगणारच होतो. पण मी गप्प!

का गप्प? लेकीने हात जोडले होते. मुलगा तिने स्वतः पसंत केलेला, त्याच्या वडिलांचा होकार तेवढा बाकी, आणि ही सहल त्यांचीच हौस. 'बाबा, एक दिवस तोंड उघडू नका.' मागच्या खेपेला दुसऱ्या एका मुलाच्या घरी मी एवढंच म्हणालो होतो की तुमची लिफ्ट महिन्याभरात अडकणार. अडकली ना! आत मुलाची आई. आता यात माझा काय दोष? पण ते फिसकटल्यावर लेक दोन महिने धड जेवली नव्हती, ते मी पाहिलंय.

आणि हे होणारे व्याही, बँकेतले निवृत्त साहेब, त्यांना सगळंच 'अप्रतिम!' धबधबा अप्रतिम, प्लास्टिकचा हत्ती अप्रतिम... मग म्हणे जवळच तलाव आहे. तलाव कसला, अर्धवट खणून सोडलेला खड्डा! त्याच्या पलीकडे मेणाचे पुतळे. तिथला राजा उन्हाने एका गालात वितळलेला, तर हे म्हणतात, 'काय हावभाव आहेत हो!' जीभ नुसती वळवळत होती. ओठ चावला. मी गप्प!

मग परत पार्कात, कारण आकाशपाळणा राहिला होता. खालूनच ऐकलं मी. कर्रर्र... टक्. कर्रर्र... टक्. बेअरिंग गेलेलं. पाळणेवाल्याला नुसतं बोट दाखवलं, तर तो म्हणतो, 'काका, भीती वाटत असेल तर राहू द्या.' व्याही खो-खो हसले आणि मला हाताला धरून आत घेऊन गेले.

अगदी वर गेलो आणि टक्. बंद. एक तास! तो अप्रतिम माणूस खाली बसून माझा गुडघा धरून रडतोय, 'पडेल का हो? काहीतरी बोला ना!' अहो, काय काय होतं माझ्याकडे बोलायला... बेअरिंग, ग्रीस, तो नळ, तो राजा, सगळं घशाशी आलेलं. पण खाली लेक दिसत होती, मुंगीएवढी, मान वर करून उभी. व्याह्यांचा हात धरला आणि मी गप्प!

उतरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली. 'मरण समोर होतं, पण या माणसाच्या तोंडून चकार शब्द नाही. इतका शांत माणूस मी पाहिला नाही. असंच घर हवं होतं मला.' होकार! लेक हसली, रडली, मीही... असो.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. आणि व्याह्यांनी फ्लॅट घेतलाय, आमच्याच मजल्यावर, समोरासमोर. रोज संध्याकाळी येऊन बसतात, म्हणतात तुमच्याजवळ मन शांत होतं. मी मान हलवतो. म्हणून तर तुम्हाला इथे जिन्यात गाठलं... जरा दोन पायऱ्या खाली चला, त्यांचं दार उघडं असतं.